प्लास्टिकची हिरवळ

गणेश नावाचा महाराष्ट्रातला एक शेतकरी डिसेंबर २०१५ मध्ये अचानक देशभर गाजला. त्याला गाजवले ते फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी. २८ डिसेंबरच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचा एक लेख छापून आला. गणेश हवामानाचा अंदाज बघून पावसाळ्याची तयारी करतो, बाजारभाव बघून माल विकतो, आता नव्या पिकात आणि जनावरांत पैसा घालतो आहे, असे त्यात लिहिले होते. हे सगळे ‘फ्री बेसिक्स’ नावाच्या फुकट सेवेमुळे घडले, आणि गणेशने आपले पीक नीट सांभाळले तर इंटरनेटचे काय बिघडते, असा झुकरबर्ग यांचा सवाल होता. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत ‘फ्री बेसिक्स’च्या पानभर जाहिराती येत होत्या आणि फेसबुक उघडले की वरच एक पट्टी दिसत होती: ट्रायला निरोप पाठवा, फ्री बेसिक्स वाचवा.

गणेश खरा असेल, त्याचा अनुभवही खरा असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीला स्वतःची बाजू मांडताना आपल्याकडच्या शेतकऱ्याचे तोंड का लागले? स्वतःच्या नावाने बोलायला तिला कोणी बंदी केली नव्हती. या प्रश्नाचा माग काढत गेलो की तंत्रज्ञानाच्या व्यवहारातली एक जुनी आणि पद्धतशीर रीत हाती लागते. कंपनीने सांगायची गोष्ट गिऱ्हाईक, शास्त्रज्ञ, शेतकरी, विद्यार्थी अशा कोणातरी ‘आपल्यातल्या’ माणसाच्या आवाजात सांगायची, अशी ही रीत आहे.

आधी फ्री बेसिक्सचे प्रकरण पुरते समजून घेऊ, कारण त्याचे कागद सरकारदरबारी आहेत आणि कोणालाही वाचता येतात. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केली. त्या कंपनीचे सिम असेल तर फेसबुक, विकिपीडिया, हवामान, नोकऱ्यांच्या जाहिराती अशा निवडक गोष्टी डेटाचे पैसे न मोजता उघडत. बाकीच्या इंटरनेटला पैसे पडत. सप्टेंबरमध्ये तिचे नाव बदलून फ्री बेसिक्स झाले. एस.टी.चा प्रवास फुकट करावा, पण गाडी ठरलेल्या दुकानांसमोरच थांबावी, आणि दुकाने कोणती ते ठरवायच्या टेबलावर एका मोठ्या दुकानाचाच मालक बसलेला असावा, तसा हा मामला होता. ज्याच्याकडे एस.टी.ला पैसे नाहीत त्याला ही गाडी बरीच वाटणार, हेही खरे. म्हणूनच हा वाद सोपा नव्हता.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ९ डिसेंबर २०१५ रोजी एक सल्लापत्र काढले आणि लोकांना चार प्रश्न विचारले. वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळा दर लावू द्यावा का? द्यायचा तर भेदभाव होऊ नये म्हणून काय करावे? लोकांना फुकट इंटरनेट देण्याचा दुसरा काही मार्ग आहे का? आणि आणखी काही मुद्दे आहेत का? ट्रायला लोकांचे मत हवे होते, पण ते कारणांसहित हवे होते. कौल घ्यायचा असता तर एकच प्रश्न पुरला असता.

फेसबुकच्या पट्टीवर बोट ठेवले की तयार मजकूर समोर येई. त्याचा सारांश असा, की मी फ्री बेसिक्सला पाठिंबा देतो. चार प्रश्नांपैकी एकाचेही नेमके उत्तर त्यात नव्हते. आपण पाठवला की आपल्या ओळखीच्यांच्या पडद्यावर सूचना जाई, की अमक्याने निरोप पाठवला आहे, तुम्हीही पाठवा. सोयरे, शाळेतले मित्र, ऑफिसातले सहकारी अशा ओळखीच्या माणसांच्या नावाने ही साखळी फिरत होती. ट्रायने नंतर जी आकडेवारी दिली तीत आलेल्या सुमारे २४ लाख प्रतिसादांपैकी १८ लाख ९४ हजार फ्री बेसिक्सच्या बाजूचे, एकाच साच्यातले होते.

ट्रायने फेसबुकला कळवले, की या लोकांना आमचे चार प्रश्न दाखवा आणि त्यांची उत्तरे घेऊन द्या. त्यावरून पत्रापत्री झाली. १८ जानेवारी २०१६ च्या पत्रात ट्रायने सरकारी कागदात सहसा न सापडणारी भाषा वापरली. विचारपूर्वक निर्णय व्हावा म्हणून मांडलेल्या या चर्चेला तुम्ही संख्याबळाच्या जोरावर घडवून आणलेल्या ओबडधोबड जनमत चाचणीचे रूप देत आहात, असा त्या पत्राचा आशय होता. ८ फेब्रुवारीला ट्रायचा नियम आला. त्याने मजकुरानुसार डेटाचा दर बदलायला बंदी केली आणि मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातले फ्री बेसिक्स बंद केले.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याआधी एप्रिल २०१५ मध्ये ‘सेव्ह द इंटरनेट’च्या स्वयंसेवकांनीही ट्रायला दहा लाखांवर ईमेल पाठवायला लावले होते, आणि त्यांचाही मसुदा तयारच होता. मग फरक काय? ट्रायचे ते सल्लापत्र ११८ पानांचे आणि २० प्रश्नांचे होते. स्वयंसेवकांच्या मसुद्यात त्या प्रश्नांची उत्तरे होती. मसुदा कोणी लिहिला ते उघड होते, आणि लिहिणाऱ्यांचा एखादा माल त्यातून खपायचा नव्हता. तयार मजकूर हा मुळात दोष नाही. अडाणी माणसाचा अर्ज गावातला मास्तर लिहून देतो, त्याला कोणी बनावट म्हणत नाही. अर्ज कोणाच्या कामाचा आहे आणि त्यावर अंगठा उठवणाऱ्याला काय लिहिले आहे ते वाचून दाखवले का, एवढेच बघायचे असते.

अमेरिकेत याच विषयावर, इंटरनेटच्या समान वागणुकीवर, २०१७ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने लोकांची मते मागवली. सुमारे २ कोटी २० लाख मते आली. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादी लेटिशिया जेम्स यांच्या कार्यालयाने पुढे तपास केला आणि मे २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार त्यातली जवळपास १ कोटी ८० लाख मते बनावट होती. ब्रॉडबँड कंपन्यांनी ४२ लाख डॉलर खर्चून चालवलेल्या मोहिमेतून ८५ लाख मते आली होती. ज्यांची नावे त्यांखाली होती त्यांतल्या असंख्य लोकांना आपण असे काही लिहिल्याचा पत्ताच नव्हता. आणि दुसऱ्या बाजूने, कंपन्यांच्या विरोधात, एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने एकट्याने संगणकाकरवी ७७ लाख बनावट मते पाठवली होती. म्हणजे या धंद्यात फक्त कंपन्याच आहेत असे नाही. पैसा लावून, माणसे नेमून, वर्षानुवर्षे करायची ताकद मात्र त्यांच्याकडेच असते.

या रीतीला इंग्रजीत ‘अ‍ॅस्ट्रोटर्फिंग’ म्हणतात. शब्दाची जन्मकथा मजेदार आहे. तिथे तळागाळातून उठलेल्या चळवळीला ‘गवताच्या मुळांची’ चळवळ म्हणतात. १९८५ मध्ये टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंटसन यांच्याकडे विमा कंपन्यांच्या बाजूची पत्रे ढिगाने आली. टेक्सासच्या माणसाला गवताची मुळे आणि अ‍ॅस्ट्रोटर्फ यांतला फरक कळतो, असे ते म्हणाले आणि शब्द रुजला. अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणजे मैदानावर अंथरायचे प्लास्टिकचे गवत. टेक्सासमधल्याच ह्यूस्टन शहरातल्या अ‍ॅस्ट्रोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये ते १९६६ मध्ये अंथरले गेले, म्हणून हे नाव. ते गवत काढले होते मोन्सँटो कंपनीने. हे नाव कापूस पिकवणाऱ्या मराठी माणसाला नवे नाही, आणि पुढे ते पुन्हा येणार आहे.

तंत्रज्ञान कंपन्यांनी ही कला लवकर उचलली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला चालू होता आणि अनेक राज्यांचे महान्यायवादी कंपनीच्या विरोधात उभे होते. त्यांच्याकडे सामान्य नागरिकांची पत्रे येऊ लागली, की कंपनीचा छळ थांबवा. पत्रांचे कागद वेगवेगळे, अक्षरांचे वळण वेगवेगळे, पण वाक्ये तीच. मायक्रोसॉफ्टचा पैसा घेणाऱ्या संस्थांनी ही मोहीम चालवली होती, हे ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्या ऑगस्टमध्ये छापले. युटा राज्यात आलेल्या पत्रांत दोन पत्रे मरण पावलेल्या माणसांची होती. मयत मतदारांनी मतदान केल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, पण तिकडे बराच गहजब झाला.

पत्रे सरकारला जातात तेव्हा निदान ती मोजायला आणि तपासायला कोणीतरी बसलेले असते. माणसे जिथे आपसात बोलतात, शंका विचारतात, एकमेकांना सल्ला देतात तिथे ही रीत शिरली की कठीण होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या कापसाच्या इतिहासाला खेटून आहे.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत इग्नासिओ चापेला आणि डेव्हिड क्विस्ट या दोन संशोधकांचा निबंध आला. मेक्सिकोतल्या ओहाका भागात, मक्याच्या मूळ घरात, देशी मक्यात जनुक बदललेल्या मक्याचे अंश सापडले, असा त्यांचा दावा होता. त्याच दिवशी जैवतंत्रज्ञानावर चर्चा करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका इंटरनेट गटात ‘मेरी मर्फी’ नावाच्या बाईने चापेला हे तटस्थ शास्त्रज्ञ नसून चळवळवाले आहेत, असे लिहिले. पाठोपाठ ‘अँड्युरा स्मेटासेक’ नावाच्या दुसऱ्या बाईने तोच सूर लावला. या गटात हजारो शास्त्रज्ञ होते. वादळ उठले, निबंध मागे घ्या अशी मागणी झाली, आणि एप्रिल २००२ मध्ये ‘नेचर’ने जाहीर केले, की हा निबंध छापण्याइतका पुरावा पुरेसा नव्हता.

ईमेलवर टपालाच्या शिक्क्यासारख्या खुणा असतात. तो कोणत्या संगणकावरून निघाला, कुठून कुठे गेला, ते त्याच्या माथ्यावरच्या ओळींत नोंदलेले असते. सहसा कोणी त्या वाचत नाही. ब्रिटनमधले जोनाथन मॅथ्यूज यांनी त्या वाचल्या आणि पत्रकार जॉर्ज मोनबिओ यांनी १४ मे २००२ च्या ‘गार्डियन’मध्ये ते प्रकरण मांडले. मेरी मर्फीच्या एका ईमेलवर बिव्हिंग्ज या जनसंपर्क कंपनीच्या संगणकाचा शिक्का होता. बिव्हिंग्ज इंटरनेटवर मोन्सँटोचे काम करत असे. स्मेटासेकच्या सुरुवातीच्या ईमेलवरचा पत्ता मोन्सँटोच्याच नावे नोंदलेला होता. अँड्युरा स्मेटासेक नावाची बाई अमेरिकेच्या नोंदींत शोधूनही सापडली नाही. बिव्हिंग्जने आधी कानावर हात ठेवले. नंतर बीबीसीशी बोलताना तिच्या एका अधिकाऱ्याने मान्य केले, की एक ईमेल आमच्याकडे काम करणाऱ्याने किंवा आमची सेवा वापरणाऱ्या ग्राहकाने पाठवला होता.

आता यातली खरी गुंतागुंत. निबंधावर टीका करणाऱ्यांत नावानिशी पुढे आलेले खरे शास्त्रज्ञही होते आणि त्यांचे काही आक्षेप वजनदार होते. पुढे २००९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाला ओहाकाच्या काही ठिकाणच्या मक्यात तसे अंश सापडले, म्हणजे मूळ दावाही अगदी पोकळ नव्हता. हा वाद शास्त्रज्ञांनी शास्त्राच्या रीतीने मिटवायचा होता. पण त्यात बोलणारे सगळेच शास्त्रज्ञ नव्हते, आणि कोण कोणाचे पगारी आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते. चुकीचे बोलले गेले एवढ्यानेच नुकसान झाले असे नाही. बरोबर बोलणाराही त्यामुळे संशयाखाली आला.

त्याच काळात इकडे काय चालले होते? जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीत मोन्सँटोने १९९८ मध्ये २६ टक्के वाटा घेतला होता. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने महिकोच्या बीटी कापसाच्या तीन वाणांना परवानगी दिली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारण संबंध आहे, असे मी म्हणत नाही. आपल्या शेतात जे बियाणे येत होते त्याच्याबद्दलची जगातली चर्चा त्या काळी किती गढूळ होती, एवढेच दाखवायचे आहे.

आपल्याकडे गढूळपणा छापील कागदातून आला. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांवर पानभर वृत्तांत दिला. बीटी कापसाने गावांचे सोने झाले, तिथे एकही आत्महत्या नाही, असे त्यात होते. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर पुन्हा छापून आला, या वेळी महिको-मोन्सँटोची जाहिरात म्हणून. कोपऱ्यात बारीक अक्षरात ती ग्राहकसंपर्काची मोहीम असल्याचे म्हटले होते. बातमी जशीच्या तशी जाहिरात होऊ शकते, तर ती आधी काय होती, असा प्रश्न कोणालाही पडेल. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला गेली तेव्हा गावकऱ्यांनी खासदारांना आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या आहेत असे सांगितले. पी. साईनाथ यांनी त्या मे महिन्यात ‘द हिंदू’त हे सगळे लिहिले. इथेही तोंड शेतकऱ्याचेच वापरले गेले होते. भांबराजाचे लोक स्वतः बोलले तेव्हा ते वेगळेच बोलले.

हे काम रोजच्या रोज कसे चालते, ते तैवानच्या एका निकालावरून कळते. तिथे २०१३ मध्ये उघडकीला आले, की सॅमसंगच्या तैवानमधल्या शाखेने जाहिरात कंपन्यांमार्फत माणसे नेमली होती. मोबाइलबद्दल लोक जिथे चर्चा करतात तिथे ती साध्या गिऱ्हाइकाच्या नावाने लिहीत. सॅमसंगच्या फोनची तारीफ करायची आणि एचटीसी या तैवानच्याच कंपनीच्या फोनची खोड काढायची, असे ते काम होते. तिथल्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅमसंगला १ कोटी तैवानी डॉलर दंड केला. हाती काम घेणाऱ्या जाहिरात कंपन्यांनाही वेगळा दंड झाला. आपली ओळख लपवून मालाबद्दल लिहिणे हीच फसवणूक, असे आयोगाने धरले. त्या लिखाणातला प्रत्येक शब्द खोटा ठरवायची गरज पडली नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. एचटीसीच्या एखाद्या फोनची बॅटरी खरेच लवकर उतरत असेल. तरी ते सांगणारा सॅमसंगचा पगारी असेल तर ऐकणाऱ्याला ते कळायला हवे.

तंत्रज्ञानाच्या गटांवरच एवढी नजर का? कारण तिथे येणारा माणूस खरेदीच्या उंबरठ्यावर असतो. कोणता फोन घेऊ, कोणती सोलर मोटार बसवू, कोणते वाण पेरू, असे विचारणाऱ्याचा हात खिशात गेलेला असतो. शिवाय जाहिरातीवर विश्वास नाही म्हणूनच तो तिथे आलेला असतो. त्या क्षणी एका ‘वापरलेल्या’ माणसाचे एक वाक्य शंभर जाहिरातींना भारी पडते. जत्रेत तीन पत्त्यांचा डाव मांडणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. सगळ्यांसमोर पहिला डाव जिंकणारा त्याचाच माणूस असतो.

जत्रेतला तो माणूस निदान दिसतो. संध्याकाळी तो डाव मांडणाऱ्यासोबत चहा पिताना कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. जाहिरातीला पत्ता असतो, खोटी निघाली तर त्या पत्त्यावर नोटीस जाते. शेजाऱ्याला चेहरा असतो, त्याने चुकीचे सांगितले तर पारावर त्याला विचारता येते. कंपनीने शेजाऱ्याच्या आवाजात बोलायचे ठरवले की पत्ताही जातो आणि चेहराही जातो. या सगळ्या प्रकरणांतून मला जी गोष्ट सांगायची आहे ती हीच आहे. विश्वास फसवला जातो हे सगळेच म्हणतात. त्याच्या आधी जबाबदारी नाहीशी झालेली असते.

आमच्या घाटनांदूर-अंबाजोगाई भागात हे तंत्रज्ञान म्हणजे बहुतेक वेळा बियाणे, औषध, ठिबक आणि मोटार. ज्याला आपण शेतकऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट म्हणतो तो खरे तर तंत्रज्ञानाचाच गट आहे. सोयाबीनचे कोणते वाण, कोणते तणनाशक कधी, कोणते टॉनिक किती पंपाला, याशिवाय तिथे फारसे काही नसते. सुप्रभातचे संदेश सोडून. बरेच चांगले, कळकळीचे ज्ञान त्यांत आहे. कृषी विभागाचे लोक, कृषी विज्ञान केंद्राचे लोक, पदरमोड करून प्रयोग करणारे शेतकरी त्यांत लिहितात. पण मे महिना लागला की सूर बदलतो. एकाच टॉनिकच्या बाटलीचा फोटो आणि ‘माझ्या रानात एकरी तेरा क्विंटल उतार’ हे वाक्य मी एकाच आठवड्यात दोन गटांत, दोन वेगवेगळ्या गावांच्या नावाने वाचले आहे. दोन्हीकडे शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकच. विचारायला गेलो तर एक नंबर बंद, दुसरा गटातून बाहेर.

फोन आणि बियाणे यांत एक मोठा फरक आहे. फोन वाईट निघाला तर आठ दिवसांत कळते. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन कसे निघाले ते दसऱ्या-दिवाळीला कळते, आणि तोवर तो संदेश हजारो संदेशांखाली गाडला गेलेला असतो. उगवलेच नाही तर मात्र आठ-दहा दिवसांत कळते, पण तोवर ओल गेलेली असते आणि दुबार पेरणीला पैसे नसतात. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा एवढा पूर आला, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वर्षीची कारणे अनेक होती आणि ती सगळी कोणाच्या संदेशावर ढकलणे चूक ठरेल. पण त्या निमित्ताने एक गोष्ट पुष्कळ शेतकऱ्यांना पहिल्यांदा कळली, की भरपाई मागायची तर हातात काय लागते. लागते ते बिल, पिशवीचे लेबल, लॉट नंबर, शिल्लक बियाण्याचा नमुना आणि तालुका समितीचा पंचनामा. शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाण्याबद्दल तो ग्राहक मंचात जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. मंचापुढे कंपनीची जाहिरात ठेवता येते, पिशवीवरचा दावा ठेवता येतो. गटातल्या अनोळखी ‘शेतकरी बंधू’चे वाक्य कोणाच्या नावावर ठेवायचे?

कायदा अगदी झोपलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितले, की मालाची शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी संबंध असेल तर तो उघड केला पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे. पण हे सारे यूट्यूबवरच्या नामांकित चेहऱ्यांना आणि विक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. तालुक्याच्या बंद गटात, दुकानदाराच्या भाच्याच्या नंबरावरून आलेल्या शिफारशीपर्यंत ते पोचत नाही. पोचावे म्हणून सरकारने असे गट वाचायला सुरुवात करावी, असे मी तरी म्हणणार नाही. तो इलाज रोगाहून वाईट.

मग ओळखावे कसे? कौतुक करतो म्हणून प्रत्येकाला विकलेला समजणे हा मार्ग नव्हे. तसे झाले तर मनापासून सांगणारे गप्प बसतील आणि गट त्या बाटल्यांनाच मोकळा होईल. मी एवढेच बघतो, की माणसाला वापराचा तपशील आहे का. खऱ्या शेतकऱ्याला पेरणीची तारीख आठवते, दोन ओळींतले अंतर आठवते, आणि हमखास काहीतरी तक्रार असते. उतार बरा पण शेंगा फुटल्या, दाणा बारीक पडला, पिवळा मोझॅक आला. नुसती तारीफ करणाऱ्याला लॉट नंबर विचारावा. ज्याने पिशवी फोडली आहे तो घरात जाऊन लेबलाचा फोटो टाकतो. ज्याने फोडली नाही तो कंपनीचे माहितीपत्रक टाकतो. कोणी काहीही सांगितले तरी १०० बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या आणि ७० च्या खाली कोंब आले तर ते बियाणे पेरायचे नाही. ही तपासणी कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि तिला कोणाच्या शब्दाची गरज पडत नाही.

आणि पेरणीच्या दिवसांत ज्या संदेशावरून खरेदी केली, त्याचा नंबर आणि तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवावा. टाकणाऱ्याला तो नंतर पुसता येतो. फोटोची छापील प्रत बिल आणि पिशवीचे लेबल ज्या फायलीत ठेवतो, त्याच फायलीत लावावी.